राजीनाम्यावरची सही

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ ठाणे येथे दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते नारायण मेघाजी लोखंडे याच ठाण्यात जन्मले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. १८८४च्या सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे पाठवला. त्या अर्जात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती हे आपण शाळेत शिकलो. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. त्याच अर्जातल्या आणखी दोन मागण्यांची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा, ही एक. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी, ही दुसरी. काम थांबले तरी कामगाराचे येणे संपत नाही, हा विचार मुंबईत पहिल्यांदा अर्जावर उतरला तो असा. माझा आजचा विषय त्याच विचाराच्या पोटातला आहे: नोकरी गेल्यानंतर कामगाराच्या हातात कायद्याने काय उरते?

कामगार न्यायालयात वकिली करताना माझ्याकडे येणारा माणूस बहुधा एक प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. तीत नेमणूकपत्राची झेरॉक्स असते, पगाराच्या काही स्लिपा असतात, ईएसआयचे कार्ड असते आणि सगळ्यात वर शेवटचा कागद असतो. मी तो आधी वाचतो. मजकूर साधारण असा: ‘वैयक्तिक अडचणींमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. कंपनीकडून माझे काहीही येणे बाकी नाही.’ खाली सही आणि तारीख. एकाच दिवशी एकाच खात्यातल्या अनेकांची अशी पत्रे मी पाहिली आहेत. मजकूर तोच, टंक तोच, बदल फक्त नावाचा.

ही सही कशी होते तेही सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींनी ते अनुभवले असेल आणि काहींवर उद्या ती वेळ येऊ शकेल. सकाळी कार्ड पंच करून आत गेल्यावर तासाभरात केबिनमध्ये बोलावणे येते. एचआरचे दोघे समोर. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितलेला, लॅपटॉप आधीच काढून घेतलेला. “तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर नीट मिळेल. नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, मग पुढे कुठे नोकरी मिळायची नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.” घरी विचारून सांगतो म्हटले तर, “आत्ताच ठरवा, साहेब खाली थांबलेत.” माणसाच्या डोळ्यांसमोर मुलाची फी येते, घराचा हप्ता येतो, चाळीत किंवा सोसायटीत बोभाटा होईल ही भीती येते. तो सही करतो. अर्ध्या तासाचा मामला.

आता कायदा पाहा. नोकरी गेल्यावरचे बहुतेक महत्त्वाचे हक्क एका प्रश्नावर उभे आहेत: नोकरी कोणी संपवली, मालकाने की कामगाराने? मालकाने संपवली असेल तर ती कायद्याच्या भाषेत कामगार कपात ठरते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद कायमचा मिटवला. शिस्तभंगाची शिक्षा सोडली तर मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवणे म्हणजे कपातच, असे त्या पीठाने सांगितले. मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, सर्वांत शेवटी लागलेल्याला आधी काढण्याचा नियम, पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना पहिला मान, असे सगळे हक्क जागे होतात. स्वेच्छेने नोकरी सोडणे मात्र या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे त्या केबिनमध्ये अर्ध्या तासात जे लिहून घेतले जाते ते या एकाच प्रश्नाचे उत्तर असते. कामगाराने ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या विरुद्ध लिहिलेले असते. म्हणून मालकाचे वकील राजीनाम्याचा आग्रह धरतात, आणि म्हणूनच आज माझे सगळे बोलणे त्या सहीभोवती आहे.

या हक्कांची ताकद किती असते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. जे. जे. रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या दोन स्त्रियांना १९५०च्या दशकात सरकारने कमी केले. सरकारच्या पुरवठा खात्यातून सुटलेल्या लोकांना सामावून घ्यायचे होते, त्यासाठी जागा हव्या होत्या. कपातीच्या वेळी भरपाई दिली गेली नाही. या स्त्रिया हॉस्पिटल मजदूर सभेबरोबर उच्च न्यायालयात गेल्या. सरकारचे म्हणणे असे की रुग्णालय हा काही उद्योग नव्हे, तेव्हा कामगार कायदा इथे लागूच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९६० साली न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला: रुग्णालय उद्योग आहे, आणि भरपाई न देता केलेली कपात मुळातच अवैध आहे. सरकारसारखा मालक, समोर वॉर्डात झाडलोट आणि रुग्णसेवा करणाऱ्या दोन बायका, आणि निकाल त्यांच्या बाजूने. भरपाई हा मालकाचा उपकार नाही, कपात वैध ठरण्याची ती पूर्वअट आहे, हे या निकालाने पक्के झाले. जे. जे.च्या त्या दोघींनी राजीनामा लिहून दिला असता तर हा निकाल लागलाच नसता.

हे हक्क कोणाला, हा पुढचा प्रश्न. पुण्या-मुंबईतली कंपन्यांत काम करणारी तरुण मुले मला सांगतात, “सर, आम्ही काही कामगार नाही, आम्ही एक्झिक्युटिव्ह.” मला याचे फार वाईट वाटते. कारण कायदा हुद्द्याचे नाव विचारत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते विचारतो. अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा माणूस कामगारच, मग त्याच्या कार्डावर असिस्टंट मॅनेजर छापलेले असो, पगार कितीही असो. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, ज्याला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, कोणाला नेमता किंवा काढता येत नाही, तो व्यवस्थापक कसा? सुपरवायझरचे काम करणाऱ्यांना मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेत महिना १८,००० रुपयांची मर्यादा आहे, त्यावर वेतन असेल तर ते बाहेर. खरोखर व्यवस्थापनाचे काम करणाऱ्यांनाही कामगार न्यायालयाचे दार बंद आहे. त्यांना कराराप्रमाणे नोटीसचा पगार आणि नुकसानभरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी तर त्यांचाही असतोच. घरकाम करणाऱ्या बायका या संहितेच्या उद्योगाच्या व्याख्येतच बसत नाहीत. उद्या सकाळी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटले की संपले. शहरातल्या लाखो घरांत ही स्थिती आहे आणि ती लाज वाटावी अशी आहे.

आता मुदतीकडे येतो. महाराष्ट्राला इतर राज्यांपेक्षा एक जास्तीचे हत्यार मिळालेले आहे. अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा १९७१चा आपला कायदा १९७५पासून अमलात आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे यूएलपी म्हणतात. आकसाने, खोट्या कारणाने, चौकशी न करता किंवा घाईघाईने काढले असेल तर कामगार स्वतः, सरकारकडून प्रकरण पाठवले जाण्याची वाट न पाहता, थेट कामगार न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. प्रकरण चालू असताना तात्पुरता दिलासाही मागता येतो. पण तक्रारीची मुदत आहे ९० दिवसांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ते कारण पटवून द्यावे लागते. मालकाकडच्या जाणत्या लोकांना ही मुदत तोंडपाठ असते. त्यामुळे कामगाराला तीन महिने गोड बोलून घरी बसवले जाते: “साहेबांशी बोलणं चालू आहे, पुढच्या महिन्यात ऑर्डर आली की तुलाच बोलावतो.” ९१व्या दिवशी फोन उचलला जात नाही.

दुसरा रस्ता कामगार आयुक्तांच्या कार्यालयातला. तिथल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. त्याच्यापुढे तडजोड झाली नाही आणि ४५ दिवस उलटले की कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते. जुन्या कायद्यात नोकरी गेल्यापासून तीन वर्षांपर्यंत हे करता येत असे. नव्या संहितेने ती मुदत दोन वर्षांवर आणली आहे. गावी शेतीची कामे, घरातले आजारपण, दुसरी नोकरी शोधण्याची धडपड यात दोन वर्षे कशी सरतात ते कळतही नाही. हे कापलेले एक वर्ष कामगाराच्या खिशातून गेले आहे.

सही होऊन गेली असेल तर सगळे संपले का? नाही, आणि हे मला ठासून सांगायचे आहे. दबावाखाली घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे आपल्या १८७२च्या करार कायद्याचेच सूत्र आहे. पण दबाव सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी पहिले २४ तास सोन्याचे असतात. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री कंपनीला ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: माझ्याकडून दबावाखाली सही घेतली, मी हा राजीनामा मागे घेत आहे, उद्या कामावर हजर होतो. दुसऱ्या दिवशी खरोखर गेटवर जा. आत सोडले नाही तर तसे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. न्यायालय हे सगळे पाहते. पत्र कंपनीच्या यंत्रावर छापलेले होते का, राजीनामा त्याच तासात मंजूर केला का, नोटीसचा काळ का पाळला नाही, त्याच दिवशी आणखी किती जणांनी ‘वैयक्तिक अडचणी’ सांगितल्या, आणि कामगाराने लगेच विरोध केला की आठ महिन्यांनी. विरोध लगेच झाला असेल तर दबावाची गोष्ट खरी वाटते. आठ महिन्यांनी तीच गोष्ट बनावट वाटू लागते, ती खरी असली तरी.

राजीनामा मागे घेण्याबद्दल अलीकडचा एक निकाल कोकण रेल्वेचा आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याने २३ वर्षांच्या नोकरीनंतर २०१३च्या डिसेंबरमध्ये राजीनामा दिला आणि २०१४च्या मेमध्ये मागे घेतला. राजीनामा एप्रिलपासूनच मंजूर झाला होता असे महामंडळाचे म्हणणे होते, पण मंजुरीचे पत्र कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचल्याचे दिसत नव्हते. मध्यंतरी त्याला कामावर हजर राहण्यासाठी बोलावणेही गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली त्याला परत कामावर घ्यायला आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यायला सांगितले. मंजुरी कार्यालयातल्या फायलीत पडून राहिली तर ती मंजुरी नव्हे, असा याचा अर्थ. मागे घेण्याचे पत्र आधी आणि मंजुरी नंतर, हा क्रम कागदावर दिसला पाहिजे.

शिस्तभंगाच्या नावाखाली काढले जाते तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे चार्जशीट द्यावी लागते, चौकशी करावी लागते, कामगाराला साक्षीदारांना उलट विचारण्याची संधी द्यावी लागते. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. कामगार रागाने चौकशीला जात नाही, मग ती एकतर्फी होते आणि त्याच्या विरुद्ध सगळे शाबीत होते. राग गिळून जा. प्रत्येक दिवसाच्या कामकाजाची प्रत मागा. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार १९७१पासून कामगार न्यायालयाला आहे, आणि तो त्यांनी पुष्कळदा वापरला आहे.

एक डाव मी फार वेळा पाहिला आहे. कामगाराला गेटवर अडवायचे आणि त्याच आठवड्यात ‘आपण विनापरवाना गैरहजर आहात, कामावर रुजू व्हा’ अशी पत्रे त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवायची. माणूस कळव्याला भाड्याच्या खोलीत, पत्र संगमेश्वर तालुक्यातल्या बंद घराच्या कडीला. तीन पत्रे झाली की ‘नोकरी सोडून गेला’ म्हणून पटावरून नाव कमी. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की असे आपोआप नाव कमी करता येत नाही, आधी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. निकाल आपल्या बाजूचा आहे खरा, पण नोकरीत असतानाच आपला राहता पत्ता कंपनीला लेखी कळवून त्याची पोच घेतलेली असली तर अर्धी लढाई तिथेच संपते.

कंत्राटी कामगारांची दुखणी याहून खोल आहेत. ठेकेदार बदलला की माणूस बाहेर, आणि मूळ कंपनी म्हणते, हा आमचा नाहीच. २००१ साली सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार हे नाते कबूल असेल किंवा आधी सिद्ध झाले असेल तरच यूएलपीची तक्रार चालेल. त्या दिवसापासून महाराष्ट्राचा हा चांगला कायदा सर्वांत गरजू कामगारांच्या हातून निसटला. मला हा निकाल आजही पटत नाही. ज्याला नेमणूकपत्रच दिलेले नाही त्यानेच आधी नाते सिद्ध करून यावे, यात न्याय कुठे आहे? ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचेही असेच. मुदत संपली म्हणून नोकरी संपली तर ती कपात धरत नाहीत. नव्या संहितेने अशा कामगारांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली हे चांगले झाले, पण त्याच वाटेने कायम नोकऱ्या मुदतीच्या होत चालल्या आहेत.

पैशांचा हिशेब आता थोडक्यात सांगतो, कारण कायदा इथे अगदी स्पष्ट आहे आणि पाळला मात्र सर्वांत कमी जातो. वेतन संहितेप्रमाणे नोकरी कशीही संपो, राजीनामा असो वा हकालपट्टी, देय वेतन कामाच्या दोन दिवसांत मिळाले पाहिजे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल’ असे सांगणारी कंपनी कायदा मोडते आहे. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे, हा नव्या कायद्यातला खरा लाभ. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत जमा व्हायला हवे. फार थोड्यांना हे ठाऊक आहे. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा तुमचाच आहे, तो अडवून धरण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. ईएसआय भरलेल्या कामगाराला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळात ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. त्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला जागा नाही. पुन्हा आला तोच प्रश्न: नोकरी कोणी संपवली?

ग्रॅच्युइटीचे गणित प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचे मासिक वेतन १८,२०० रुपये आहे आणि नोकरी ९ वर्षे ७ महिने झाली आहे असे धरू. १८,२०० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ७०० रुपये. त्याला १५ने गुणले की १०,५००. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १० वर्षे. एकूण १,०५,००० रुपये. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासह. नोकरीतून काढले तरी ग्रॅच्युइटी जात नाही. कंपनीचे जाणूनबुजून नुकसान केले, हाणामारी केली किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला आणि त्यासाठीच काढले, अशा मोजक्या प्रसंगीच ती अडवता येते. पगार पत्रकात भत्तेच जास्त दाखवून मूळ वेतन कमी ठेवण्याची जी चलाखी वर्षानुवर्षे चालत आली तिलाही नव्या संहितेत लगाम बसला आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा.

२१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या चार संहितांबद्दल मला सरसकट वाईट बोलायचे नाही, वरची उदाहरणे मी मुद्दामच दिली. पण एका बदलाबद्दल गप्प बसता येत नाही. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी किंवा टाळे लावण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. आता हा आकडा ३०० झाला आहे. वागळे इस्टेटीत, अंबरनाथला, चाकणला, साताऱ्याच्या एमआयडीसीत दीडशे-दोनशे कामगारांचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. तिथला मालक आता नोटीस आणि भरपाई दिली की मोकळा. परवानगी म्हणजे नुसता सरकारी शिक्का नव्हता. परवानगीच्या अर्जावर सुनावणी होत असे, कंपनीला ताळेबंद उघडून दाखवावा लागे, कामगारांची संघटना तिथे उभी राहून विचारू शकत असे की तोटा खरा आहे की जमिनीचा भाव वाढला आहे. ती विचारण्याची जागा गेली.

ठाण्या-मुंबईत जमिनीचा भाव म्हटले की गिरण्या आठवणारच. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तरी हजारो लोक पुन्हा कधी आत गेले नाहीत. कित्येकांना काढल्याचे पत्रसुद्धा मिळाले नाही. कागद नाही म्हणून हिशेब नाही, असा त्यांचा काळ गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे द्यायचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ला पटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. म्हाताऱ्या बायका मेलेल्या नवऱ्याचे तिकीट नंबर असलेले जुने पास, ईएसआयची कार्डे, फंडाच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रंकेतून काढून रांगेत उभ्या राहिल्या. ज्यांनी घर बदलताना ट्रंक टाकून दिली होती त्या परत गेल्या. मी नोकरीतल्या माणसांना नेहमी सांगतो की स्लिपा, नेमणूकपत्र, बढतीची पत्रे यांचे फोटो घरच्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. कंपनीचा ईमेल बंद झाला की त्यातले काहीच तुमच्या हाती राहत नाही.

“खटला लढून मिळतं काय? दहा वर्षं जातात,” असे मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. तारखा पडतात, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, कामगार गावी निघून जातो. तरीही मिळते. मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेला संस्थेने २००७ साली काढले. शाळा न्यायाधिकरणाने काढणे रद्द करून पूर्ण पगार द्यायला सांगितले, उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. त्या निकालातले तत्त्व देशभर रोज वापरले जाते. बेकायदा काढलेल्याला परत घेताना मधला पगार देणे हा सर्वसाधारण नियम आहे. आपण दुसरीकडे नोकरीला नव्हतो एवढे कामगाराने शपथेवर सांगितले की तो कुठेतरी कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. एका शाळेतल्या बाईंनी दाखवलेल्या चिकाटीचा फायदा आज कारखान्यातला फिटर आणि दवाखान्यातली परिचारिका घेते. म्हणून कामगाराला मी सांगतो, मधल्या काळात कामाचे अर्ज करत राहा, केलेल्या अर्जांच्या प्रती ठेवा, आणि मिळेल ते काम कराही. पोट भरण्यासाठी चार पैसे मिळवले म्हणून खटला बुडत नाही. लपवले तर बुडतो.

घरच्यांना माझी एक हात जोडून विनंती आहे. नोकरी गेलेला माणूस कित्येकदा आठ-आठ दिवस घरात सांगत नाही. डबा घेऊन निघतो, स्टेशनवर बसतो आणि संध्याकाळी परत येतो. तक्रारीच्या ९० दिवसांतले हे दिवस असे जातात. त्याला जाब विचारू नका. तो कागद कुठे आहे, सही केली का, केली असेल तर कधी, एवढे शांतपणे विचारा आणि त्याच्याबरोबर निघा. संघटनेच्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. गेट मीटिंगमध्ये पगारवाढीचे आकडे सांगता तसे हेही सांगत जा की केबिनमध्ये बोलावले तर सही करण्याआधी कागदाची प्रत मागायची आणि ‘घरी वाचून सांगतो’ एवढेच म्हणायचे. हिशेबाचा चेक घ्यावाच लागला तर पोचपावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असे आपल्या हाताने लिहायचे. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या बहिणीला काढले असेल तर तिला स्वतंत्र आणि कडक संरक्षण आहे, तिने तर एक दिवसही थांबू नये.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेले लोक मला सर्वांत जास्त भेटतात. त्यांच्यासाठी १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे १२वे कलम आहे. त्यात औद्योगिक कामगाराचे नाव स्वतंत्रपणे घातले आहे. त्याचे उत्पन्न कितीही असो, त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही तसाच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, ठाण्यातही आहे. साध्या कागदावर अर्ज करायचा, त्याला शुल्क नाही. उद्या कामाचा दिवस आहे, ते कार्यालय उघडे असेल.